घटपर्णी अळणी मातींत स्थापिली, त्याची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न, प्रसन्न नसल्यास निदान रुसलेली नसावी, ऐसी प्रार्थना करून लिहिण्यास आरंभ केला. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासीं, दोन प्रहरीं, खाशी सरकारस्वारी भोजनास बसली असतां पहिला घास मुखांत घालून पुटपुटली कीं, “हा दुधी आमच्याआधी कुणीतरी चावून ठेवलेला दिसतोय.” बोलणें ताटापुरतेंच होतें, परंतु बाईसाहेब वाढावयास वाकल्या होत्या, त्यांचे कानीं पडलें. त्यांनीं पळीभर दुधी आणखी वाढला.

आतां या राज्याचा विस्तार सांगावा तर तिसरा मजला, दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि पश्चिमेस गज लाविलेला सज्जा, ऐसा. राज्यावर भार्गवराव सरकार, हे पूर्वीं शाळेंत जीवशास्त्र शिकवीत. त्यांच्या राणी हेमलता बाईसाहेब. आणि सरकारांच्या वडील भगिनी आक्कासाहेब, ज्यांस दांत थोडे परंतु मतें बहुत. सर्व सुखरूप चाललें असतां सरकारांचे शरीरीं गाळणीचे कामावर मूत्रपिंड नामें जे दोन सुभेदार होते, त्यांनीं कोणास न पुसतां चाकरी सोडली, आणि मग अंगांत क्षार सांचूं लागले, आणि पायांस सूज आली, आणि वैद्यराजांचा हुकूम जाहला कीं एक दिवसाआड यंत्रशाळेंत जाऊन रक्त धुवून आणावें, मीठ राज्याबाहेर घालवावें, आणि भाजी आधीं उकळून तें पाणी फेकावें, मग शिजवावी. हा हुकूम सरकारांस जड गेला, परंतु बाईसाहेबांस त्याहून जड गेला. कारण बाईसाहेबांचा मिठाचा हात सोयऱ्याधायऱ्यांत नांवाजलेला. चमचा ठाऊक नाहीं, चिमटी सोडावी आणि आमटी बरोबर व्हावी. लग्नांत माहेराहून आलेली चिनीमातीची थोरली बरणी, तींत दरसाल कैरीचें लोणचें पडत असे, आणि तें खाऊन भांडलेले व्याही पुनः बोलूं लागत. ती बरणी रिकामी होऊन माळ्यावर गेली आणि तो हात रिकामा होऊन मांडीवर पडून राहिला.

ऐशांत माघ मासीं युवराज्ञी चारुशीला, ज्या दक्षिण प्रांतीं चाकरीस असत, त्या पित्याचे भेटीस आल्या आणि येतांना खोक्यांत घालून घटपर्णी नामें वनस्पती घेऊन आल्या. हिची कीर्ति ऐसी कीं पानाचे टोंकास झांकणाचा घट येतो, त्यांत माशी पडते आणि वनस्पती तिला खाते. सरकारांनीं तीस वर्षें फळ्यावर खडूनें हा घट काढून पोरांस शिकविला, परंतु डोळ्यांनीं कधीं पाहिला नव्हता. प्रवासांत जुने घट वाळून गेले होते. एका पानाचे टोंकास मात्र तांदळाएवढी कळी होती. सरकारांनीं चष्मा पुसून ती पाहिली आणि कित्येक महिन्यांनीं त्यांचे मुखावर वर्गांतलें हसूं आलें. तें पाहोन बाईसाहेबांनीं मनांत कौल लाविला कीं हा घट उघडला तर हे बरे होतील. कोणास सांगितलें नाहीं. सांगितलें तर दृष्ट लागेल. मग युवराज्ञींनीं बजाविलें, “आई, हिला खायला घालायचं नाही. साधी माती नको, खत नको, नळाचं पाणी तर अजिबात नको. क्षार लागले की मुळं जळतात.” सरकार म्हणाले, “म्हणजे आमच्याच पंगतीतली!” सर्व हसले, आणि मग सर्वांनींच हसणें आवरतें घेतलें. आक्कासाहेब मात्र विचारांत पडल्या. “खत नको, मग खातं काय मेलं?” “माशा, आत्या.” “अगंबाई! मग देवघराकडे तोंड करून नको हो ठेवूस, हेमा.”

युवराज्ञी आपले प्रांतीं परतल्या आणि मग बाईसाहेबांनीं पदर खोंचून मोहीम काढली. नारळाचे काथ्याचा भुसा आणविला. तो किनाऱ्यावरचा, खाऱ्या पाण्यांत कुजविलेला, बादलींत पडतांच समुद्राचा वास आला. तो भिजवावा, आणि फडक्यांत पिळावा, आणि पाणी ओतावें, आणि पुनः भिजवावा. सज्ज्यांतून तांबडें पाणी पन्हळीनें उतरूं लागलें तेव्हां खालील मजल्याचे सरदारांनीं मान वर करून पुसिलें, “वहिनी, चहा सांडला का हो?” क्षार मोजण्याची काडी बाजारीं मिळते ऐसें युवराज्ञींनीं सांगितलें होतें, परंतु बाईसाहेब म्हणाल्या, “जीभ कशाला दिलीय देवानं?” आणि पिळलेलें पाणी बोटावर घेऊन चाखूं लागल्या. आक्कासाहेबांनीं तोंडास पदर लाविला. “भार्गवा, बघ रे, तुझी बायको काथ्याचं सार चाखत्येय. मीठ कमी पडलंय का गं?” “जास्त आहे अजून,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि पुनः बोट बुडविलें; जन्मभर मीठ पडलें कीं नाहीं तें चाखीत आल्या, आतां गेलें कीं नाहीं तें चाखणें नशिबीं आलें. मग गारगोटीची पांढरी वाळू धुतली, आणि शेवाळ धुतलें, आणि इन्व्हर्टराचे बॅटरींत घालितात तें वाफेचें पाणी डबे भरून आणविलें आणि शेवटल्या धुण्यास वापरिलें. सरकार खुर्चींत बसून भुसा किती, वाळू किती तें सांगत, आणि सांगतांना आवाज चढे, जणूं मागल्या बांकावरच्या पोरांस ऐकूं जावा. यंत्रशाळेंतून येऊन अंथरुणीं पडले तरी डोळे मिटूनच विचारीत, “आज पाणी कसं निघालं?” जैसें कोणी घरांतल्या लेकराचा ताप पुसावा.

पुढें कुंडीचा प्रश्न पडला. मातीचे कुंडीस बाहेरून पांढरा खार फुटतो, सबब ती बाद. युवराज्ञींनीं प्लास्टिकची घ्यावी म्हणून कळविलें होतें, परंतु बाईसाहेबांस वाटलें कीं जिची वाट सरकारांनीं एवढीं वर्षें पाहिली तिला प्लास्टिकांत कैसें बसवावें? आणि मग माळ्यावरची बरणी उतरविली. फरशी कापणारा कारागीर बोलावून तिचे बुडास भोंक पाडविलें. यंत्र लागतांच जो आवाज निघाला तो ऐकोन आक्कासाहेब आंत निघून गेल्या. बाईसाहेबांनीं ती बरणी राखेनें घासली, आणि चिंचेनें घासली, आणि कढत पाण्यानें विसळली, आणि हींत आतां लोणचें पडणें नाहीं ऐसें मनास सांगोन घटपर्णी तींत स्थापिली. सरकारांनीं बरणी जवळ ओढून हुंगली. हुंगून बराच वेळ बाईसाहेबांचे हातांकडे पाहिलें, ज्यांची सालपटें भुसा पिळून निघालीं होतीं, आणि मग म्हणाले, “छान दिसत्येय.” आक्कासाहेबांनीं हुंगली; त्यांचे तोंडास पाणी सुटलें; म्हणाल्या, “शोभते हो.” युवराज्ञींनीं फोनाचे पडद्यावर पाहिली, प्लास्टिकची नव्हे हें ओळखिलें, आणि म्हणाल्या, “मस्त, आई.”

कळी तांदळाएवढी होती ती वाटाण्याएवढी जाहली, आणि तेथेंच अडली. मग पानांच्या कडा तपकिरी पडल्या, आणि मग एके सकाळीं कळीचें टोंक काळें दिसलें. बाईसाहेब आक्कासाहेबांवर उसळल्या. “खरं सांगा आक्का, तांदळाचं धुवण घातलंत ना हिला?” “देवाशपथ नाही गं. धुवण मी तुळशीलाच घालते. हिच्याकडे बघवतही नाही मला.” “का? काय झालंय तिला?” “कुठं काय म्हटलं मी?” ऐसें बोलून दोघीही बरणीऐवजीं भिंतीकडे पाहूं लागल्या. तिकडे यंत्रशाळेंत वैद्यराज सरकारांचा कागद वाचीत, घडी करीत आणि “बघू या पुढच्या वेळी” म्हणत, आणि मग सरकार बाईसाहेबांस म्हणत, “ठीक आहे म्हणाले,” आणि बाईसाहेब आक्कासाहेबांस म्हणत, “ठीक आहे म्हणे,” आणि आक्कासाहेब युवराज्ञींस तेंच सांगत. सरकारांचे मनगटावरील घड्याळ कोपरापर्यंत सरकूं लागलें. त्याचे पट्ट्यास आणखी एक भोंक पाडून घेतलें. 

चैत्र लागला. बाजारांत कैऱ्या आल्या. बाईसाहेबांनीं घटपर्णी उपटून भुसा पुनः धुवावयास काढिला आणि बरणी उन्हांत वाळत घातली. सांजेस उचलूं जातां आंतल्या चकाकीवर केसाएवढ्या बारीक भेगांचें जाळें दिसलें, आणि भेगाभेगांतून पांढरी कणी फुटलेली. बाईसाहेबांनीं बोट फिरवून जिभेला लाविलें. मीठ. आणि मिठामागून मोहरी, मेथी, हिंग. माहेरचें अंगण, एवढ्या वर्षांच्या कैऱ्या, सर्व त्या बोटावर. उभ्या उभ्या त्यांस सारें कळलें. आणि कळूनही त्या म्हणाल्या, “भुसाच नीट धुतला गेला नव्हता. पुन्हा धुते. अजून एकदा धुतला की झालं.” आणि बादली ओढली.

सरकार भिंत धरीत सज्ज्यापर्यंत आले होते. त्यांनीं बाईसाहेबांचा ओला हात धरिला. “हेमा, भुसा केव्हाच स्वच्छ झालाय. बरणी मुरलेली आहे. हुंगली तेव्हाच मला कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझे हात बघून नाही बोललो. आता बोलतो. मी यातनं उठायचा नाही, हेमा. कितीही धुतलं तरी नाही. तुला माहित्येय, आक्काला माहित्येय, कागद वाचणाऱ्यालाही माहित्येय.”

आक्कासाहेब दारांत उभ्या होत्या. त्यांनीं “काहीतरी अभद्र बोलू नकोस” म्हटलें नाहीं. बाईसाहेबांनीं बादली पालथी केली, आणि तिजवर बसल्या, आणि विचारिलें, “जेवायला काय करू?”

“आमटी,” सरकार म्हणाले. “चाखून कर.”

येणेंप्रमाणें घटपर्णी अळणी मातींत स्थापिली, ती उघडली नाहीं. बरणी सज्ज्यांत आहे, तिचे बुडास भोंक आहे. त्या सांजेस आमटींत मीठ बरोबर पडलें होतें.