मोठ्यांचा शब्द

विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं. टॉवरमधल्या कंट्रोलरने रेडिओवर तिसऱ्यांदा तेच सांगितलं आणि प्रज्योतने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं, "हो सर."

शेजारच्या कॅप्टन रचना यांनी डोळे मिटले. आज प्रज्योतची शेवटची परीक्षा होती. पास झाला तर को-पायलट, नापास झाला तर पुन्हा सहा महिने ट्रेनिंग. पाठीमागे एकशे ऐंशी प्रवासी. त्यांत पहिल्या रांगेत त्याचे बाबा काळूराम, आयुष्यात पहिल्यांदाच विमानात, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी आवळून.

"प्रज्योत, नुसतं हो नाही चालत. उडाल्यावर सरळ समुद्रावर जा, तीन हजार फुटांपर्यंतच चढ, सांगेपर्यंत वळू नको. रीडबॅक म्हणजे हे सगळं त्यांना परत म्हणून दाखवायचं. तुझ्याऐवजी मी बोलले तर तू नापास."

"पाठ आहे मॅडम. तोंडातून निघत नाही."

निघणार कसं? काळूरामच्या घरी मोठ्यांचा शब्द परत उच्चारणं म्हणजे उर्मटपणा. सहाव्या वर्षी मिठागरावर बाबा म्हणाले, "टोपली आन." प्रज्योतने विचारलं, "टोपली आणू?" त्यावर जी थप्पड बसली, तिच्या धाकाने पुढची वीस वर्षं आज्ञाधारकपणात गेली. ट्रेनिंगमध्ये कंट्रोलर व्हायची शिवानी, त्याच्याच वयाची. तिला तो धडाधड म्हणून दाखवायचा. आजचा आवाज साठीचा होता, खर्जातला, हुबेहूब बाबांसारखा.

आवाज चढला. आवाज चढला तसा प्रज्योत आणखी नम्र झाला. "हो सर" पुटपुटण्यावर आलं, मग नुसती मान हलू लागली. रेडिओवर मान दिसत नाही. कंट्रोलरने रेडिओ बिघडला असं ठरवलं. रेडिओ बिघडला म्हणजे आणखीही काही बिघडलं असेल, म्हणून अग्निशमनाचा बंब निघाला. बंब येताना पाहून मागच्या चार विमानांनी आपापल्या प्रवाशांना घाबरू नका असं सांगितलं, आणि प्रवासी घाबरले.

एअर होस्टेस भाविकाने इंटरकॉम केला. "मॅडम, पहिल्या रांगेतले काका विचारतायत, गाडी गरम झाली का? बोनेट उघडू का?"

"त्यांनाच दे फोन," रचना म्हणाल्या. नियमात हे कुठे बसतं, ते त्यांनी नंतर शोधायचं ठरवलं. दोन वाक्यांत त्यांनी काळूरामला सगळं समजावलं.

"परज्या!" इंटरकॉम थरथरला. "तो सायेब काय सांगतोय, ता त्याला परत सांग. मी काय बोलनार न्हाय."

"हो बाबा."

"रीडबॅक!" रचना किंचाळल्या.

प्रज्योतने गालावर हात ठेवला. घसा खाकरला. "सायेब काय सांगतोय ते त्याला परत सांगायचं. तुम्ही काही बोलणार नाही."

 गालावरचा हात प्रज्योतने काढला नाही. थप्पड इंटरकॉममधून येत नाही, हे त्याला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

"बरोबर हाय," काळूराम म्हणाले.

मग प्रज्योतने सगळं धडाधड म्हणून टाकलं. समुद्र, तीन हजार, वळायचं नाही. कंट्रोलर म्हणाला, "बरोबर." बंब परत गेला. थोड्या वेळाने उड्डाणाचीही परवानगी मिळाली.

रचनांनी त्याच्या हातात माईक दिला. "प्रवाशांना तू सांग."

"मी कॉकपिटमधून प्रज्योत बोलतोय. सर्वांनी पट्टे बांधा, खुर्च्या सरळ करा."

बंद दाराच्या पलीकडून, एकशे ऐंशी माणसांना ऐकू जाईल असा खर्जातला आवाज आला, "पट्टा बांधला! खुर्ची सरळ केली!"

प्रज्योत माईक जागेवर ठेवायला निघाला.

"थांबलेत ते," रचना म्हणाल्या. "बरोबर म्हण."