एक बरोबर कमी पडलं

ताईच्या दवाखान्यातला फोन सकाळपासून खाली ठेवायची सोय उरली नव्हती. ठेवला की वाजत होता. धाकट्याने तो पुन्हा उचलला, तेव्हा पलीकडून एक गृहस्थ विचारत होते, "अहो, आमची मांजर गेली म्हणून तुमचा मेसेज आलाय. पण ती तर बायकोच्या मांडीवर बसलीय."

"मग... नसेल गेली," धाकटा म्हणाला.

"बायकोही तेच म्हणतेय. मी ऑफिसात आहे. तिला म्हटलं, नीट बघ, डॉक्टर उगाच कशाला कळवतील?"

ताई जनावरांची डॉक्टर. तिच्या वेबसाइटवरून लोकांना लसीची आठवण जायची. पण जनावर दगावलं तरी आठवण जातच राहायची, आणि माणसं फोन करून रडायची. ते थांबवायचं आणि त्याऐवजी सांत्वनाचे दोन शब्द पाठवायचे, एवढंच काम तिने धाकट्या भावाला दिलं होतं. तो पूर्वी छापखान्यात होता. छापखाना बंद पडल्यावर घरात बसून पीएचपी ही वेबसाइटी बनवायची भाषा शिकत होता, आणि "तुझं शिकून झालं का?" असं रोज विचारणाऱ्या घरात पहिलं काम देणारी ही एकटी ताईच होती.

शिकताना त्याने चिन्हांचा धडा तेवढा गाळला होता. अधिक, उणे आणि बरोबर, यात शिकण्यासारखं काय असणार? ती शाळेतच झाली. म्हणून 'जनावराची स्थिती बरोबर मृत असेल, तर सांत्वन पाठव' असं लिहिताना त्याने मध्ये सरळ एक बरोबरचं चिन्ह ठोकून दिलं. तपासूनही पाहिलं. ताईच्या वारलेल्या बोक्याच्या नावावर चालवलं, तर सांत्वन झकास आलं. जिवंत जनावरावर चालवून पाहावं, हे काही त्याला सुचलं नाही.

दारात एक बाई आल्या, पुढे त्यांना ओढत आणणारा दांडगा कुत्रा. "हा गेलाय म्हणे," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मग मला इथवर फरफटत कोणी आणलं?" त्यांच्या मागे एक मुलगी हुंदके देत उभी होती. तिचा ससा दातांसाठी दवाखान्यातच ठेवला होता. तो आतल्या खोलीत निवांत पाला चघळत होता, पण हे तिला पटायला ससा बाहेर आणावा लागला. एका काकांनी तर शाळेत फोन करून मुलांना सांगूनही टाकलं होतं. मुलं शाळेतून रडत परतली, तर कासव बादलीत मजेत.

ताई हातमोजे काढत बाहेर आली. "काय केलंस?"

"एक बरोबर कमी पडलं."

"मराठीत सांग."

"मराठीतच सांगतोय, ताई. पीएचपीत एक बरोबर लिहिलं की ते विचारत नाही, ठरवून टाकतं. विचारायचं असेल तर दोन बरोबर लागतात. 'मेलास का?' असं विचारायचं होतं. मी प्रत्येकाला 'मेलास!' असं सांगून मोकळा झालो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "आधी माफीचा मेसेज पाठव. आणि हे बघ, जरा सावकाश..."

पण 'आणि'च्या पुढचं ऐकून घ्यायची धाकट्याला सवय नव्हती. तो संगणकापाशी पोचलाही होता. 'असेल, तर' या अटीनेच घात केला ना, मग आता अटच नको, असा विचार करून त्याने यादीतल्या झाडून सगळ्यांना कळवलं: 'आधीचा मेसेज चुकून आला. आपला प्राणी सुखरूप आहे. क्षमस्व.'

फोन थांबले. दुपारपर्यंत दवाखाना शांत झाला. कुत्र्याच्या बाईंनी आलोच आहोत म्हणून लसही टोचून घेतली. धाकट्याला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात एक आजोबा आत आले. हातात पिंजरा होता. पिंजरा रिकामा होता, आणि लख्ख धुतलेला.

"पोपट न्यायला आलोय," ते संकोचून म्हणाले. "सुखरूप आहे असा मेसेज आला."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. तो पोपट गेल्या थंडीत तिच्याच टेबलावर गेला होता.

धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. "आजोबा, बसा. माझी चूक झाली. तो मेसेज... तो खोटा होता."

"तसं मला ठाऊक आहे हो. माझ्याच हाताने कुंडीत पुरलं. पण म्हटलं, डॉक्टरांकडून आलंय. इथे येतोय हे घरी बोललो नाही कोणाला, पिंजरा तेवढा धुतला." ते बसले, पिंजरा मांडीवर घेऊन. "पहिला मेसेजही खोटाच होता का?"

"बाकीच्यांचा खोटा होता," धाकटा म्हणाला. "तुमचा खरा."

आजोबांनी मान हलवली. "तो मला आवडला होता. पोपट गेला तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. पोपटच तर होता. पण तुमचा दुसरा आला, तसे सुनेने दोन्ही पुसून टाकले. म्हणाली, ही फसवाफसवी आहे. पहिला परत पाठवता येईल?"

"आता पाठवतो."

या वेळी त्याने कोड उघडलाच नाही. स्वतःचा फोन काढला आणि एकेक अक्षर हाताने लिहिलं: 'आपला लाडका पोपट गेल्याचं फार वाईट वाटतं. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.' ताईने मागून वाचलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आजोबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा चढवला, ओठ हलवत सगळं वाचलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"तेवढं 'आपली लाडकी' करा. अंडं घातलं, तेव्हा आम्हालाही कळलं," ते म्हणाले. "घाई नाही. मी बसलोय."