शेवाळाचा कास्तकार

माझ्या ओमेशबद्दल माझी तक्रार एकच, की पोरगा सोफ्यावरून उठत नाही. आमगावजवळ आमची दीड एकर धानाची बांधी, घराला लागूनच. रोवणी मी केली, निंदण मी काढलं. त्याला फक्त उभ्या धानाचा फोटो काढून मोबाईलवर पीक नोंदवायला सांगितलं होतं. नोंद नसली की खरेदी केंद्रावर धान घेत नाहीत.

तो बसला होता नागपूरहून आणलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीपुढं. आत समुद्रातला डॅमसेल मासा, बोटभर. हा मासा दगडावर शेवाळ पिकवतो, त्यातलं नको ते उपटून बाहेर फेकतो, अन् कोणी जवळ आला की चावायला धावतो. ओमेशनं बसल्या जागेवरून त्या शेवाळाचाच फोटो टाकला.

"हिरवं ते हिरवं, माय," म्हणे.

मोबाईलनं मान्य केलं.

केंद्रावरच्या बाबूनं माझी पोती परत केली. "जमुनाबाई, तुमच्या बांधीत शेवाळ आहे. धान कुठून आणला?"

"पोत्यात हात घालून पाहा नं!"

"हाताले धान लागते हो. नोंदीत शेवाळ आहे."

मग तलाठी दुर्गाप्रसाद स्थळपाहणीला घरी आले. खिडकीतून बांधी दिसत होती, तिच्याकडं पाठ करून पेटीपुढं बसले. खात्री करायला पाण्यात बोट घातलं, तसा मासा डसला. साहेब प्रसन्न झाले. पंचनामा लिहिला : सदर इसम जागेवर हजर. पीक स्वतः काढतो, निंदण स्वतः करतो. कब्जा मजबूत. करिता सातबाऱ्यावरून जमुनाबाईंचं नाव कमी करून माशाचं लावावं.

"साहेब, चाळीस वर्षांपासून मी राबून राहिली तिथं!"

"फोटो आहे का?"

ओमेशनं साहेबांच्या बोटाला पट्टी बांधली. साक्षीदार म्हणून सहीही केली. वर मलाच म्हणाला, "माय, काऊन भांडून राहिली? चहा ठेव. मागाहून अर्ज करू."

मी चहा ठेवला नाही. साहेबांच्या समोरच बोलली, "ओमेश, बोटभर जीव तो, पण त्याच्या तुकड्यात साहेबाचं बोट गेलं तं त्यानं अर्ज नाही केला, डसला. तू बारावी शिकला, अन् मायचं नाव खोडाले सही देऊन राहिला. साहेबानं बरोबर लिहिलं. तुमच्यासारख्या शिकलेल्याच्या भरवशावर बांधी सोडण्यापरीस मासा बरा."