विमानात बसल्याचा पुरावा

आमच्या सातपूर एमआयडीसीत दाढी केल्याचासुद्धा पुरावा ठेवणारा एकच माणूस आहे. मुरलीधर देवरे. सलूनमधून बाहेर पडले की दुकानाची पाटी मागे येईल असे उभे राहतात, हनुवटी जरा वर करतात आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्याही हातात मोबाईल देतात. "भाऊ, एक काढा. पाटी आली पाहिजे. मी नाय आलो तरी चालंल."

माझ्या मुलीच्या लग्नात आहेर देऊन हे गृहस्थ स्टेजवरून खाली उतरले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. मला वाटलं, चुकून. चुकून कसलं? पहिल्या फोटोत मागचं 'जाधव परिवार' अर्धंच आलं होतं! एकदा दाढ काढली, तर ती काड्यापेटीत घालून घेऊन आले आणि आठवडाभर ज्याला त्याला दाखवत होते. वणीच्या गडावर जाऊन आले की हातावर प्रसाद ठेवायच्या आधी देणगीची पावती दाखवतात. वसाहतीत त्यांना 'पुरावा देवरे' म्हणतात. तोंडावर म्हणतात. त्यांना काही वाटत नाही.

हे वेड लागलं ते सरकारच्या एका योजनेमुळे. आमच्यासारख्या लहान कारखानदाराने परदेशातल्या प्रदर्शनात स्टॉल लावला, तर स्टॉलचं भाडं आणि विमानाचं तिकीट यातला बराचसा खर्च सरकार परत देतं. देवरे बेदाण्यांचे देठ काढायचं यंत्र बनवतात. पहिल्या वेळी दुबईला गेले, मजेत परत आले, फाईल घेऊन ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी बोर्डिंग पास मागितला. तो तर यांनी विमानातच समोरच्या खिशात ठेवून दिलेला.

"मग विमानात बसल्याचा पुरावा काय?"

"साहेब, मी परत आलोय ना!"

"परत आलात ते दिसतंय. गेलात कशावरून?"

या प्रश्नाने देवरे मुळापासून हादरले. आपण गेलो होतो हे आपल्याखेरीज कुणालाच सांगता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. तेव्हापासून हा माणूस जगतो कमी आणि कागद लावतो जास्त.

आता माझं सांगतो. मी या माणसावर जळतो. उगाच आडून कशाला बोलू? त्यांच्या आणि माझ्या गाळ्यात एक भिंत आहे आणि बावीस वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे बसून जळतो आहे. माझं यंत्र कांद्याची प्रतवारी करतं. त्यांच्या यंत्रापेक्षा चांगलं आहे, हे मीच नाही, त्यांचा फिटरही म्हणतो. पण दुबई कोण गेलं? देवरे. व्हिएतनाम? देवरे. टर्की? तेच. आठ वेळा हा माणूस सरकारी मदतीवर साता समुद्रापार जाऊन आला, आणि माझा अर्ज दर वर्षी कुठल्या तरी एका कागदापायी परत येतो. एका वर्षी तर सगळे कागद लागले, आणि पासपोर्टचीच मुदत संपलेली निघाली.

आमची ही घरी कमी नाही. "देवरे भाऊजी यंदा जर्मनीला चाललेत म्हणे. तुम्ही काय, एकलहऱ्याच्या पुढे गेला नाहीत." मी एकलहऱ्याला जातो ते पॉवर हाऊसच्या कामाला जातो. पण हे बायकोला सांगून उपयोग नसतो.

परत आले की देवरे मला चॉकलेटचा डबा आणून देणार. "जाधवशेठ, तिकडचंय." मी त्यांच्यासमोर एकही खात नाही. ते गेले की चार खातो. चांगली असतात, हा आणखी एक राग.

आणि एवढं जाऊन मिळवलं काय? शून्य! आठ प्रदर्शनांत एक ऑर्डर नाही. मी मुद्दाम विचारायचो, "काय देवरे, आला का कुणी गोरा?"

"ओळखी होतात, शेठ."

"कुणाच्या?"

"होतात," एवढंच म्हणायचे आणि मोबाईलमधला स्टॉलचा फोटो दाखवायचे. फोटोत पाटी, पाटीखाली देवरे. बाकी चिटपाखरू नाही.

यात त्यांच्या धाकट्या भावाचंही सांगायला हवं. रघुनाथ देवरे. अंबडला कारखाना, यंत्र तेच, बेदाण्याचंच. पूर्वी दोघांचा धंदा एकत्र होता. मग वाटणीवरून फाटलं, आणि आईच्या दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, सगळ्या भाऊबंदांसमोर, दोघांनी एकमेकांशी न बोलायची शपथ घेतली. बारा वर्षं झाली. एकाच लग्नात दोघं आले तर एक जेवून निघेपर्यंत दुसरा पंगतीला बसत नाही. कळवणकडची माणसं, शब्दाला पक्की. तर हा रघुनाथही दर वर्षी त्याच प्रदर्शनांना जायचा. भाऊ पुढे जाऊ नये म्हणून मोठे देवरे त्याच्या मागोमाग धावतात, असं अख्खी वसाहत म्हणायची. मला ते लगेच पटलं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

यंदा मात्र मी कंबर कसली. जर्मनीच्या प्रदर्शनाला राज्यातून बारा जणांचा गट जाणार होता आणि त्यात नाशिकच्या जागा दोन. आमच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी नावं वाचली. रघुनाथ देवरे, मुरलीधर देवरे. मी उठलोच.

"एकाच घरात दोन्ही जागा? आणि मोठ्या देवऱ्यांनी आठ वेळा जाऊन एक तरी ऑर्डर आणली का? असेल तर पुरावा दाखवावा!"

हॉल असा हसला म्हणता! लोकांनी बाकं वाजवली. देवरे शेवटच्या रांगेत होते. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा उभे राहून म्हणाले, "जाधवशेठ खरं बोलत्यात. ऑर्डर नाय. मला दोन दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या गाळ्यात आले. एरवी न विचारता बसणारा माणूस, पण त्या दिवशी उभेच राहिले. चहाही नको म्हणाले.

"शेठ, एक मागायचंय. एवढी बारी मला जाऊ द्या. पुढल्या साली तुम्ही जा. तुमची फाईल मी सोता करतो, एक कागद कमी पडला तर माझ्याकडं लागलं."

त्यांच्या तोंडून विनंती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, गार वाटलं मला. बावीस वर्षांचा उन्हाळा उतरावा तसं. मी खुर्चीत मागे रेललो.

"का बरं? यंदा असं काय आहे?"

त्यांनी माझ्या टेबलावरचे कागद सरळ केले.

"अहो, कारण तर सांगा. कारणाचा काही पुरावा?"

देवऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याचा पुरावा नाय, शेठ."

"मग कसं होणार?" मी म्हणालो. आणि आपण काय मस्त बोललो, या आनंदात दिवसभर होतो.

संध्याकाळी त्यांनी नाव मागे घेतलं आणि जागा मला मिळाली. मला वाटलं, आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही. तिसऱ्या दिवशी एक जाडजूड फाईल घेऊन हजर! माझीच फाईल. अर्ज, दाखले, हमीपत्रं, सगळं क्रमाने लावलेलं, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली. "बोर्डिंग पास शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा. जाताचाही आणि येताचाही. विमानात झोप लागली तरी खिशावर हात पाहिजे. स्टॉलचा फोटो पहिल्या दिवशीच काढा, शेवटच्या दिवशी पाट्या लवकर काढत्यात." मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! जरा तरी चिडायला हवं होतं त्यांनी. जिंकल्यासारखं वाटू देत नव्हता हा माणूस.

निघायच्या आदल्या दिवशी ते एक पिशवी घेऊन आले. आत जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेली बिबडी, म्हणजे त्यांच्याकडे करतात ते ज्वारीचे जाड पापड, आणि एका बरणीत लसणाचा ठेचा.

"शेजारच्या स्टॉलवर द्या."

"शेजारी कोण असणार आहे?"

"नावं इंग्रजीच्या क्रमानं लावत्यात. देवऱ्याशेजारी देवरेच येतो. आता पाटीवरचं नाव तेवढं बदलंल, जागा तीच हाय."

"म्हणजे तुमच्या भावाला?"

"शेजाऱ्याला," ते म्हणाले आणि भिंतीपलीकडे निघून गेले.

जर्मनी छान आहे. स्वच्छ आहे. त्याबद्दल मी एवढंच सांगू शकतो, कारण पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी माझ्या पाटीखाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत होतो आणि एक माणूस थांबला नव्हता. एक बाई थांबल्या, त्यांनी बाथरूम कुठे आहे विचारलं. आठ वेळा देवरे असेच उभे राहिले असतील, हे मनात आलं. मी ते झटकून टाकलं.

रघुनाथ त्या मीटिंगला नव्हते आणि गटाबरोबरही नव्हते, वेगळ्या विमानाने परस्पर सकाळी आले होते. मला बघून थबकले, माझ्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, जणू मागून आणखी कुणी यायचं होतं. नंतर त्यांनी दोन खुर्च्यांतली एक उचलून आमच्या दोन स्टॉलच्या मधे ठेवली, थोड्या वेळाने ती परत आत घेतली. दुपारी मी पिशवी नेऊन दिली. त्यांनी फडकं सोडलं, बिबड्यांवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

"दादा नाही आला?"

"तुम्ही बोलत नाही ना एकमेकांशी?" मला सुचलं ते मी बोललो.

"नाशकात नाही बोलत," रघुनाथ म्हणाले. "चारचौघांत शब्द दिलाय. पुण्याला सोयरे आहेत, मुंबईला भाचे. कुठं बोललो तरी संध्याकाळपर्यंत कळवणला कळतं. दुबईला पहिल्या वर्षी शेजारी आलो तर दोन दिवस पाठ करून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. दादानं हॉटेलच्या किटलीत मुगाची खिचडी शिजवून आणली. म्हणाला, खा, हे काय नाशिक नाही. तेव्हापासून दर वर्षी अर्ज करतो दोघं. आधी तो कुठं नाव घालतो ते बघतो मी, नाही तर मी कुठं घालतो ते तो."

"आणि चार दिवस काय करता?"

"भांडतो!" ते हसले. "वर्षभराचं सगळं भांडून घेतो. वाटणी, आई, विहीर, सगळं. मग जेवतो."

मला बसवेना. मी विचारलं, "मग यंदाच एवढं..."

"माझं हे शेवटचं. पुढच्या वर्षीपासून कारखाना जावई बघणार, प्रदर्शनाला तोच येईल. दादाला मागल्या वर्षीच सांगितलं होतं. म्हणाला, ये तू, शेवटचं निवांत भांडू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजारी आहे का तो? खरं सांगा."

"आजारी नाहीत. त्यांची जागा मी घेतली," मी म्हणालो. "त्यांनी मागितली होती. मी दिली नाही."

वाटलं, हा माणूस आता उठून जाईल. ते उठले नाहीत. मी घाईघाईने खिशातून मोबाईल काढला. "आत्ता लावतो त्यांना. बोला."

"तो नाशकात आहे," रघुनाथ म्हणाले.

मोबाईल मी परत खिशात ठेवला. आणि सांगू का, तेव्हाही मला देवऱ्यांचा हेवाच वाटला. मला एक सख्खा भाऊ आहे, गंगापूर रोडला राहतो, आमचं भांडणबिंडण काही नाही, रोज व्हॉट्सॲपवर फुलांचं चित्र पाठवतो. मी कुठे गेलो नाही म्हणून कुणी असं खुर्ची आतबाहेर करणार नाही.

रघुनाथांनी एक बिबडं मोडलं आणि अर्धं माझ्यापुढे केलं.

"बरं, ते जाऊ द्या. त्याचा डावा गुडघा कसा आहे? मागल्या वर्षी जिना चढताना कठड्याला धरत होता. ऑपरेशनचं म्हणत होते डॉक्टर. केलं का?"

बावीस वर्षं. कुठल्या साली कुठल्या देशात गेले, कुठल्या विमानाने गेले, किती दिवस राहिले, सगळं मला तोंडपाठ. मी डोळे मिटून त्यांना सकाळी गाळ्यात शिरताना बघायचा प्रयत्न केला, लंगडत होते की नाही ते काही आठवेना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

रघुनाथांनी हातातलं बिबडं खाली ठेवलं.

"तुम्ही शेजारीच ना त्याच्या?"