डबा उलटा करणारे सबनीस

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सबनीसकाकांच्या हातात कुणी भरलेला प्लास्टिकचा डबा देत नाही. ते आधी तो उलटा करतात. गेल्या दिवाळीत आमच्या चकल्या अशाच जिन्यात सांडल्या. काकांचं लक्ष मात्र डब्याच्या बुडाशी. तिथल्या त्रिकोणात पाचचा आकडा दिसला तेव्हा कुठे चेहरा फुलला. "खानदानी डबा आहे. गरम भाजी घाला, हूं की चूं करणार नाही."

काकांची सगळी नोकरी चिंचवडच्या कारखान्यात प्लास्टिकचे साचे करण्यात गेली. त्यांच्या लेखी प्लास्टिक एक नसतंच. आकड्यागणिक स्वभाव वेगळा. पाण्याची विकतची बाटली म्हणजे एक नंबर, एका मुक्कामाची पाहुणी. तिच्यात कढत पाणी ओतणाऱ्याशी ते बोलणं टाकतात. दोनचा कॅन कष्टाळू, कितीही आपटा. तीनचे पाइप करावेत, त्याला स्वयंपाकघरात आणू नये. दह्याचा पातळ कप बहुधा सहाचा. "दिसायला ताठ, जरा दाबलं की तडकतो. आपल्या सेक्रेटरींसारखा." हे सेक्रेटरींच्या देखत.

गेल्या महिन्यात मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंचे हात हल्ली थरथरतात, म्हणून भेटायला. चहा आला तो प्लास्टिकच्या जाड कपांतून, चौघांनाही सारख्याच. काकूंना चिनी मातीच्या कपांची किती हौस, हे बायकोला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.

बोलता बोलता काकूंच्या हातून कप निसटला. चहा फरशीवर पसरला आणि काकूंची मान खाली गेली. काकांनी क्षणभर पाहिलं आणि स्वतःचा कप सरळ खाली सोडून दिला. दोन्ही कप खडखडत सोफ्याखाली गेले.

"बघा," काका मला म्हणाले, "एकालाही चरा नाही."

काकू आधी चिडल्या, मग हसायला लागल्या.

काका जिन्यापर्यंत सोडायला आले. बायकोनं जुन्या कपांची चौकशी केली. ते हळू आवाजात म्हणाले, "एक फुटला, त्या दिवशी ती माझी माफी मागत बसली होती. माझी. उरलेले मी देऊन टाकले."

ते आत गेले. दार लोटलेलंच होतं. फार सांडलं का हो, असं काकू विचारत होत्या.

"माझं जास्त," काका म्हणाले.