चार बोटे उंच घोड्याची बखर

श्रीगजाननास वंदन, आणि हा मजकूर ज्यांनी वाचावा ते आता वाचणार नाहीत, त्यांस आधी दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य प्रतिपदा, मंदवार म्हणजे शनिवार, या दिवशी राज्यात विशेष काही घडले नाही. राज्य म्हणजे तीन खोल्या, एक अंगण आणि अंगणात करडा घोडा, पेट्रोल पिणारा, डोंगरवाटेचा. राजा म्हणजे लेखिकेचे तीर्थरूप अण्णा, हयातभर भूमापन खात्यात लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त जाहलेले. त्या सकाळी महाराजांनी दोनदा चहा घेतला आणि घोड्याची साखळी पुसावयास बैसले, आणि मग कन्येने पाहिले तो हाती तिची ओढणी.

"अण्णा, ही जुनी नव्हती."

"मऊ होती गं. साखळीला मऊच लागतं."

"मग तुमचा सदरा घ्यायचा."

"तो तुझ्या आईनं घेतलेला आहे," ऐसे बोलून महाराज हसले, आणि उद्या बिडवे सरदारांसंगे खिंडीपलीकडच्या ओढ्यातून जाणे आहे, शिदोरीस दशम्या कर, ऐसी आज्ञा केली. कन्येने ओढणीचा राग धरून दशम्यांत गूळ बेताचाच घातला. तो दिवस ऐसा गेला.

आता घोडा कैसा निवडिला ते सांगणे प्राप्त आहे. दोन वर्षांमागे राणीसाहेब आजारी पडल्या आणि दुखण्याचा कागद आला, तेव्हा सर्वांनी मसलत केली की रुग्णास कळू देऊ नये, आणि कन्येने मात्र जेवणाच्या पंगतीत खरे ते सांगितले, आणि राणीसाहेबांनी हातचा घास खाली ठेविला, आणि पुढे तीन महिन्यांत त्या गेल्या. तेव्हापासून आत्याबाई, म्हणजे महाराजांच्या थोरल्या भगिनी, "हिच्या जिभेला हाड नाही" असे येईल त्यास सांगत आल्या. महाराज तर खुर्चीतून उठेनात. मग खात्यातले जुने सोबती बिडवे सरदार यांनी एके दिवशी त्यांस आपल्या गाडीवर मागे बसवून जंगलच्या पाऊलवाटेने खिंडीवर नेले, आणि महाराज पोटऱ्यांपर्यंत चिखल माखून हसत परतले, आणि बोलिले, "मला गाडी घ्यायची." दोन वर्षांत त्यांनी काही मागितले ते हेच.

कन्येस वाचनाचे व्यसन. तिने महिनाभर वाचून विनंती केली की दगडधोंड्यांच्या वाटेस घोडा हलका असावा, पोट भुईपासून उंच असावे, पुढचे चाक थोर असावे, पण बैठक बेताची. कारण अशा वाटेवर धावण्याहून थांबणे अधिक, आणि थांबताना पाय भुईस लागला पाहिजे. त्यावर सरदार मिशीत हसले. "पुस्तकात डोंगर नसतात गं पोरी. हलकी गाडी म्हणजे शेळी. अण्णासाहेब काय शेळीवर बसून जाणार?" दरबार हसला, आणि महाराजही हसले, आणि शेळीचा विषय तेथेच संपला.

विजयादशमीस दुकानी जाणे जाहले. घोडा दोनशे किलोंचा, महाराज उंचीने सवापाच फूट. चाकांखाली लिंबे मांडलेली, आत्याबाई नारळ घेऊन उभ्या, मुहूर्त सरत आलेला. महाराज चढले आणि गाडी कलू लागली म्हणून कन्येने मागून दोन्ही हातांनी धरिली, आणि मग महाराजांनी मान न वळविता विचारिले, "टेकतात का गं पाय?" कन्येने वाकून पाहिले. एका पायाचा अंगठा जेमतेम लागत होता आणि दुसरा पाय चार बोटे अधांतरी. आत्याबाई कानाशी आल्या. "आज तरी नाट लावू नकोस." महाराजांची पाठ ताठ होती, तशी दोन वर्षांत कोणी पाहिली नव्हती. कन्या बोलिली, "टेकतात, अण्णा." आणि नारळ फुटला. ज्यांनी परक्याच्या बांधाचे माप कधी कोणाच्या शब्दावर घेतले नाही, त्यांनी आपल्या पायाखालचे माप लेकीच्या शब्दावर घेतले.

महिनाभर सपाट रस्त्यावर त्या एका अंगठ्यावर निभावले. मग ओढणीच्या दुसऱ्या दिवशी, द्वितीयेस, आदित्यवारी, बिडवे सरदार एकटेच दारी आले. "वेग नव्हता गं. उभाच होता. पाणी प्यायला थांबला, आणि नुसता पाय टेकायला गेला..." पाय टेकावयास गेले तेथे भुई नव्हती, आणि घोडा त्यांच्यावर आला, आणि ओढ्यातला गोटा बरगडीत बैसला, आणि रुग्णालय येण्याआधी वाटेतच महाराज गेले. घोड्याचा एक आरसा फुटला. दशम्या तशाच परत आल्या. मग ज्याने त्याने आपापला न्याय केला. आत्याबाई म्हणाल्या, वेळ आली होती. सरदार म्हणाले, दगड वाईट. शेजारी म्हणाले, या वयात हवे होते कशाला. आणि कन्या कैसी शहाण्यासारखी गप्प आहे म्हणून सर्वांनी तिची वाखाणणी केली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचे चिरंजीव विश्राम घोडा पाहावयास आले, उंचीने मामांवर गेलेले. ते चढले, आणि बिडवे सरदारांनी मायेने मागून धरिले, आणि चिरंजीव बोलिले, "बघ गं ताई, टेकतात ना?" आत्याबाईंनी कन्येकडे पाहिले, विजयादशमीच्याच डोळ्यांनी.

एवंच घोडा नामांकित होता, राजा हौशी होता, दरबार मायेचा होता, आणि मध्ये चार बोटे अंतर होते. या राज्याचा इतिहास इतकाच. मग जे तेव्हा बोलावयाचे ते कन्या आता मोठ्याने बोलिली, ते येणेप्रमाणे:

"काका, हात सोडा. नाही टेकत, विश्राम. अण्णांचेही टेकत नव्हते. गाडी मागून मी धरली होती. मी वाकून पाहिलं होतं, आणि टेकतात म्हणाले."