मयेकर बाई आणि बोर्निओचा राखणदार

मयेकर बाई झेरॉक्स मशीनला गाऱ्हाणं घालून मगच बटण दाबतात. मशीनपुढे उभ्या राहून हात जोडतात, घशातल्या घशात काहीतरी म्हणतात आणि शेवटी शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्याकडे बघतात. त्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. तो म्हणाला नाही तर बटण दाबलं जात नाही आणि आठवीच्या प्रश्नपत्रिका तशाच राहतात. आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की त्याला आधी हे शिकवावं लागतं. हजेरीपत्रक कसं भरायचं ते नंतर.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. देवापुढे उभं राहून, मोठ्याने, चारचौघांदेखत काय हवंय ते मागायचं. प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष द्यायची. हे काम गावकराचं, म्हणजे मानाच्या पुरुषमाणसाचं. बायका मागे उभ्या राहतात. बाईंचे वडील देवरुखकडच्या एका गावाचे गावकर होते, आणि त्यांना बाईंखेरीज मूलबाळ नव्हतं. लहानपणापासून ऐकून ऐकून बाईंना सगळी गाऱ्हाणी पाठ झाली आणि वडिलांमागे ती कुणाच्या हवाली करायची हे काही त्यांना सुचलं नाही. म्हणून त्या स्वतःच घालतात. सहलीच्या बसला, नव्या संगणकाला, बोर्डाच्या परीक्षेला, एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांना. साहेब अवघडून स्वतःच ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले आणि शेरा चांगला देऊन गेले.

“प्रत्येक जागेला राखणदार असतो, सुहास,” बाई मला सांगतात. “विचारल्याशिवाय कुणाच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. सांगून ठेवलेलं बरं असतं.”

मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि आता त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला अजून अरेतुरे आहे. त्यांचा मुलगा विनू माझ्या बाकावर बसायचा. इथेच सगळी गोम आहे.

विनू बोटीवर लागला. फिरत फिरत बोर्निओतल्या सांडाकान नावाच्या बंदरात उतरला, तिथेच नोकरी धरली आणि तिथल्याच लिना नावाच्या मुलीशी लग्न केलं. लग्न झाल्यावर त्याने आईला फोन केला. ज्या बाईने झेरॉक्स मशीनला विचारल्याशिवाय हात लावला नाही, तिला पोटच्या मुलाने लग्नाचं विचारलं नाही.

“मला विचारलंस?” बाई म्हणाल्या.

“आई, आता कळवतोय ना.”

“मग मीही कळवते. माझ्या घराची पायरी चढू नकोस.”

विनूने लहानपणी आईचं काही ऐकलं नाही, पण हे एक वाक्य मात्र तंतोतंत पाळलं. कित्येक वर्षं आला नाही. मिस्टर तर आधीच गेलेले. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला बाईंचं घर आहे. तिथे त्या एकट्या राहतात, बंदरावरचा मासळीचा लिलाव खिडकीतून ऐकतात आणि कुणी विनूचं नाव काढलं तर “आज बांगडा स्वस्त दिसतोय” असं काहीतरी म्हणतात.

तर अशात आमच्या हेडसरांच्या डोक्यात परदेश मोहीम शिरली. नववीच्या मुलांनी परक्या देशात जायचं, जंगलात ट्रेक करायचा, थोडी समाजसेवा करायची आणि व्यक्तिमत्त्व घडवून परत यायचं. हेडसरांच्या मनात नेपाळ होतं. पालकसभेत त्यांनी ‘ने’ म्हणायच्या आत मयेकर बाई उभ्या राहिल्या. सभेत त्या कधी बोलत नाहीत.

“बोर्निओ,” बाई म्हणाल्या.

“का बरं, मॅडम?”

“तिथे वनमानव आहेत, ओरांगउटान. अनाथ पिल्लांना सांभाळायचं केंद्र आहे. मुलांना दया शिकता येईल.”

मागच्या बाकावरून एक बागायतदार पालक उठले. “मॅडम, वानरांची सेवा करायला पोरांना विमानात कशाला बसवताय? आमच्या बागेत पाठवा. मोहर आला की कळपच्या कळप हजर असतो. फटाके लावून आमी दमलो.”

“तुमची वानरं माजलेली आहेत,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तिकडची पोरकी आहेत.”

ठराव मंजूर झाला. नंतर हेडसरांनी मला बाजूला घेतलं. “कदम, बाईंना नक्की वनमानवच बघायचे आहेत ना?” मी छताच्या पंख्याकडे बघत म्हटलं, “प्राणिप्रेम आहे त्यांना.” ते केंद्र सांडाकानला लागून आहे हे आमच्या स्टाफरूममध्ये शिपायालाही ठाऊक होतं. पण बाईंना विचारायची कुणाची छाती नव्हती. त्या मुलाला भेटणार की त्याच्या गावात राहून तोंड फिरवून परत येणार, यावर सगळे नुसते एकमेकांकडे बघत होते.

सरावासाठी आम्ही मुलांना जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडून पुढे अंजनवेलच्या गोपाळगडावर नेलं. बाई नऊवारी नेसल्यासारख्या ताठ, पण अंगात पंजाबी ड्रेस, पायात मुलांसारखे बूट आणि हातात छत्री. गडाच्या दारात गाऱ्हाणं सुरू झालं. तिथे एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. नवरी झगा सावरत ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. नवरा म्हणाला नाही, म्हणून बाईंनी त्याला पुढे बोलावून म्हणायला लावलं. “आत्तापासून सवय ठेव,” त्या म्हणाल्या.

मुंबईच्या विमानतळावर बाईंचा नारळ अडकला. बोर्निओच्या राखणदारासाठी त्यांनी घरच्या माडाचा नारळ पिशवीत घातला होता. तपासणीवाल्या मुलीने तो बाजूला काढला. बाईंनी तिला राखणदाराचं महत्त्व समजावलं. मागे रांग वाढत गेली. शेवटी मी म्हटलं, “बाई, बोर्निओत पावलोपावली माड आहेत.”

“तिथला नारळ तिथल्याच देवाला?” बाई म्हणाल्या. “म्हणजे माझं काय गेलं त्यात?” पण नारळ राहिला आणि बाई विमानात बसेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

केंद्रात मुलांना काम मिळालं केळी कापायचं आणि पिंजरे धुवायचं. ज्यांनी घरी कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं ती मुलं वनमानवाची शेण-घाण उपसत होती आणि त्याचे फोटो घरी पाठवत होती. बाई केळ्यांच्या राशीकडे बघून हळहळल्या. “एवढ्या केळ्यांचं शिकरण झालं असतं.” मग कुंपणाशी उभ्या राहिल्या. आत एक कर्मचारी दोरावर चढत होता आणि एक पिल्लू त्याचं बघून चढायला शिकत होतं. आई असती तर तिनेच शिकवलं असतं, असं कर्मचाऱ्याने सांगितलं. पिल्लू सात-आठ वर्षं आईला धरून असतं.

“आणि मग?” बाईंनी मला विचारायला लावलं.

“मग ते जातं.”

“सांगून जातं?”

मी भाषांतर केलं. कर्मचारी हसला. बाई हसल्या नाहीत. पुष्कळ वेळ त्या तिथेच छत्री टेकून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ट्रेक होता. जंगलाच्या तोंडाशी बाईंनी सगळ्यांना थांबवलं. आमचा वाटाड्या, जोसेफ नावाचा गोलमटोल माणूस, त्याने सकाळीच बाजारातून नारळ आणून दिला होता. जळवांसाठी मुलांच्या हातात मिठाची पुरचुंडी बांधलेल्या काठ्या होत्या. त्या काठ्या बगलेत धरून सगळ्यांनी हात जोडले. बाईंनी शाळेची भाषा बाजूला ठेवली आणि माहेरची काढली.

“बा राखणदारा म्हाराजा! तुजा नाव मला म्हायत नाय, तुजी भाषा येत नाय. पन तुज्या हद्दीत ही रत्नांग्रीची लेकरं आली हायत, त्यांच्यावर नजर ठेव रं म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

“त्यांना जळवा लागू देव नको, पाय घसरू देव नको. जशी आली तशी आईबापाकडं पोचव रं म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

बाई थांबल्या. मला वाटलं, संपलं. पण हात तसेच जोडलेले होते.

“आनि आमच्या गावचा येक पोरगा तुज्या मुलखात येवन ऱ्हायलाय. न विचारता आला. डोका त्याचा पयल्यापासनंच तसा. पन माजा हाय. त्याचा, त्याच्या बायकोचा, पोरीचा सांभाळ कर रं म्हाराजा.”

मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं जोरात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. जोसेफनेही टोपी काढून त्यांच्यात आवाज मिसळला. ‘पोरीचा’ ऐकून मी मात्र वळून बाईंकडे बघितलं. विनूला मुलगी झाल्याचं मी एकदा स्टाफरूममध्ये मुद्दाम मोठ्याने सांगितलं होतं. तेव्हा बाई वह्या तपासत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती.

ट्रेकहून आल्याबरोबर मी विनूला फोन लावला.

“तिने बोलावलंय?” त्याने विचारलं.

“तुझ्यासाठी गाऱ्हाणं घातलंय.”

“कुणापुढे?”

“इथल्या राखणदारापुढे. अख्ख्या नववीदेखत.”

त्याने पत्ता विचारून घेतला. मग तो म्हणाला, “येतो.”

आम्ही राहत होतो ते घर खांबांवर उभं होतं, चार लाकडी पायऱ्या चढून वर जायचं. सकाळी बाई ओसरीवर मुलांचे बूट उन्हात मांडत होत्या. विनू आला, बरोबर लिना आणि पुढचा दात पडलेली एक चिमुरडी. विनूने चपला काढल्या आणि तो पायऱ्यांखाली उभा राहिला. वर चढला नाही. डोक्यावरचे केस विरळ झाले होते आणि पोट सुटलं होतं, पण उभा होता तो प्रगतिपुस्तक घेऊन उभा राहायचा तसाच.

बाईंनी तिघांना बघितलं आणि तशाच आत निघून गेल्या. विनूने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला जंगलात परत जावंसं वाटलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्यात पावाचा तुकडा होता. भाकरी कुठून आणणार? मुलांच्या नाश्त्यातला पाव होता तो, त्याला जॅमही लागलेला. बाई पायऱ्या उतरून आल्या. नवी सून पहिल्यांदा दारात येते तेव्हा ओवाळतात तसा त्यांनी तो तुकडा तिघांवरून ओवाळला आणि लांब फेकला. तो जमिनीवर पडायच्या आत एका माकडाने झेलला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी तिघांच्या पायांवर पाणी घातलं, विनूच्या पायांवर जरा जास्तच, आणि लिनाला म्हणाल्या, “उजवा पाय आधी.”

लिनाने विनूकडे बघितलं. विनू शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. मग मीच सांगितलं. लिनाने उजवा पाय पायरीवर ठेवला. चिमुरडीने दोन्ही पायांनी उडी मारली.

बाईंनी विनूच्या गालावर हात ठेवला. “वाळलास,” असं त्या म्हणाल्या, जे धडधडीत खोटं होतं. मग माझ्याकडे वळल्या.

“सुहास, तिला विचार. मी तिच्या घरी आले तर चालेल का?”

मी शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. लिनाने मान हलवली आणि बाईंच्या हातातली रिकामी बाटली काढून घेतली.

त्या दिवशी बाई त्यांच्या घरी जेवून आल्या. संध्याकाळी विनू बायको-मुलीला घेऊन त्यांना सोडायला आला, तेव्हा ओसरीवर बसून त्या मला म्हणाल्या, “मे महिन्यात मी इथे येणार आहे. पेटी भरून हापूस घेऊन. सुट्टी लागायच्या आधीच निघेन, तेव्हा माझे पेपर तू तपास.”

“हेडसरांना विचारलंत?”

“विचारायचं काय त्यात?” बाई म्हणाल्या. “इथे पोचले की कळवीन.”

आणि नातीचा पाय मांडीवर घेऊन त्या तिच्या बुटाची नाडी बांधू लागल्या.